मोडीतला एक शब्द

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिला माझं सगळं ठाऊक होतं – हे सोडून. आता ती नाही, आणि ज्यांच्याशी मी असा वागलो ते केशवरावही नाहीत. मग आता सांगून काय होणार? काही नाही. तरी सांगतो.

मी बुरहानपूरला सरकारी मोटार खात्यात बाबू होतो. स्टँडामागे तीन खोल्या, तेच ऑफिस. लोधीपुऱ्यातल्या घरून पायी जायचो. नवं राज्य नुकतंच झालं होतं. कुठली कुठली संस्थानं, कुठले कुठले जिल्हे एकत्र आले, आणि त्यांच्याबरोबर माणसंही. भोपाळहून हुकूम आला – सगळ्यांची मिळून ज्येष्ठतेची एकच यादी करा. मग काय विचारता? चहा पिताना, फाइल उचलताना, एकच बोलणं. कोण वर, कोण खाली.

केशवराव मोघे त्याच सुमारास आमच्याकडे आले. एका लहानशा संस्थानाच्या मोटार सर्व्हिसमधून. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे, उंच, कमी बोलणारे. त्यांचं काम मी पाहिलं आणि – खरं सांगतो – थक्क झालो. कुठली गाडी कुठल्या गावाला किती वाजता, कुठे बाजार कधी भरतो, कुठली आगगाडी उशिरा येते, सगळं डोक्यात. वर्षभर जुळत नसलेलं टाइमटेबल त्यांनी एका दुपारी पाठकोऱ्या कागदावर जुळवून दिलं. आम्ही चार बाबू नुसते बघत उभे होतो.

आणि निरीक्षकाची जागा होती एकच. यादीत ज्याचं नाव वर, त्याची.

केशवरावांचं सर्व्हिस बुक बदल्यांमध्ये गहाळ झालेलं. जुन्या नोकरीचा पुरावा एकच – संस्थानाचा नेमणुकीचा कागद, मोडीत लिहिलेला. ऑफिसात मोडी वाचणारे आम्ही दोघंच, ते आणि मी. माझे वडील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत, त्यांनी शिकवली होती. त्या दिवशी केशवराव लाइनवर गेले होते. साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

“महाजनबाबू, ज़रा पढ़िए तो. परमनंट लिखा है कि टेम्पररी?”

मोडी गिचमिड असते म्हणतात. हा कागद तसा नव्हता. लिहिणाऱ्याचा हात मोत्यासारखा होता. शब्द होता ‘कायम’. मी तो वाचला – मनात. मग तोंडाने म्हणालो, “हंगामी लिखा है, साहब. टेम्पररी.”

झालं. एवढंच. किती वेळ लागला असेल? साहेबांनी पेन उचललं, केशवरावांची संस्थानातली नऊ वर्षं कापली, आणि मी वर गेलो.

इथेच थांबलो असतो तर – पण नाही. यादी भिंतीवर लागली त्या दिवशी केशवराव माझ्याच टेबलाशी आले.

“महाजनबाबू, माझा कागद कुणीतरी चुकीचा वाचलेला दिसतो. तुम्हाला मोडी येते. तुम्ही एकदा साहेबांना सांगाल का?”

त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या कुणाकडे जावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. तो कागद तेव्हा माझ्या उजव्या हाताच्या खणात होता. मी म्हणालो, “कागद भोपाळला गेला, केशवराव. तिकडेच वाचला कुणीतरी. मी खटपट करतो.” त्यांनी माझा हात धरला आणि दाबला. खटपट मी काहीच केली नाही. हरकतीची मुदत संपली. मी निरीक्षक झालो, ते टाइमकीपर राहिले.

पुढच्याच श्रावणात आम्ही दोघं निंबोल्याला नवा थांबा ठरवायला निघालो होतो. गाडी भरलेली – बाजारच्या बाया, केळ्यांच्या टोपल्या, एक बाळंतीण पोर घेऊन सासरी चाललेली. वाटेत नाल्याच्या रपट्यावरून, म्हणजे दगडांच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत होतं. घोटाभर असेल. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. हुकूम द्यायचा अधिकार माझा होता – का माझा होता, हे तुम्हाला आता माहीत आहे. मी म्हणालो, “चलने दो.”

केशवराव खाली उतरले. धोतर वर खोचलं, कुणाचा तरी बांबू मागून घेतला आणि पाण्यात शिरले. टोचत टोचत मधोमध गेले. क्षणभर उभे राहिले, जणू पायांनी काहीतरी ऐकत होते. मग परत आले आणि गाडीच्या तोंडाशी उभे राहिले.

“हुकूम तुमचा आहे, महाजनबाबू. मी तुमच्या हाताखालचा. पण गाडी जाणार नाही. खालचा दगड हलतोय.”

मी चिडलो. माणसांदेखत! काहीतरी बोललोही. ते हलले नाहीत. आणि आम्ही बघत असतानाच रपट्याचा मधला भाग गेला. आवाजसुद्धा झाला नाही. होता, आणि मग तिथे नुसतं गढूळ पाणी. त्या बाळंतिणीने पोराला छातीशी धरलं आणि केशवरावांकडे अशी बघत राहिली, जसं देवळात बघतात. मीही तसाच बघत होतो.

रस्त्याकडेच्या दगडावर ते धोतर पिळत बसले. मी शेजारी बसलो. तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही. शब्द आले ते असे – “भिजलात, केशवराव.”

“वाळेल,” ते म्हणाले.

त्या दिवसाचा रिपोर्ट त्यांनीच लिहिला. सही करताना मी वाचला. लिहिलं होतं – निरीक्षकांच्या संमतीने गाडी थांबवण्यात आली. माझी संमती? कुठे होती? एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला मी कुठल्या खणात कोंडून ठेवलं होतं! तरी मी सही केली.

पुढची सगळी वर्षं ते माझ्या हाताखाली होते. मी चढत गेलो, ते एकच पायरी चढले. कागद दुरुस्त करता येईल अशी संधी दोनदा आली. दोन्ही वेळा मी फाइल पुढे सरकवली नाही.

ते निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. हार मीच घातला. केशवरावांना चारचौघांत बोलता येत नसे, पण ते उभे राहिले. म्हणाले, “माझी नऊ वर्षं एका कागदात बुडाली. त्याचं दुःख आता नाही. पण त्या वेळी ह्या शहरात मी परका होतो, आणि एक माणूस माझ्यासाठी भोपाळपर्यंत झगडला. महाजनसाहेब, ते मी विसरलो नाही.”

लोकांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मी उठून हात जोडले.