नवकल्पना प्रमुख कृष्णात

बिद्रीकडचा कृष्णात एमआयडीसीतल्या एका पंपांच्या कंपनीत लागला, तेव्हा त्याचं डोकं खरंच चालायचं. पंपाचा शाफ्ट बसवायला दोघं लागत. एकानं धरायचा, दुसऱ्यानं ठोकायचा. कृष्णातनं भंगारातल्या पट्टीचा आधार करून ते काम एकट्यावर आणलं. साहेबांनी पाठ थोपटली आणि पुढच्याच आठवड्यात शाफ्ट धरणाऱ्या गुंडूला घरी पाठवलं.

गेटवर गुंडू त्याला म्हणाला, "लई हुशार हायस की रं," आणि चालता झाला.

तेव्हापासून कृष्णातनं कामातलं काही सुचवलं नाही. बाकीच्यांनीही तोंडं शिवली. सुचलेलं बोलणं म्हणजे शेजारच्याच्या पोटावर पाय, हे सगळ्या खात्याला कळलं होतं. ऑफिसात तेवढं कळलं नव्हतं.

पुढं मालकांचे चिरंजीव पृथ्वीराज व्यवस्थापन शिकून आले. कामगारांना प्रेरणा मिळावी म्हणून त्यांनी चाळिशीच्या माणसांना मैदानात फुगे फोडायला लावले आणि महिन्याच्या उत्तम कल्पनेला कुकर जाहीर केला. कृष्णातनं सुचवलं, कचऱ्याच्या डब्यांवर नावं घालावीत. त्यात कुणाची नोकरी जाणार नव्हती, की मालकांचा रुपया. कुकर मिळाला. मग जिन्यावर बाण आले, संडासाच्या दारावर सुविचार आले. कृष्णात 'नवकल्पना प्रमुख' झाला. कंपनीचा टी-शर्ट घालून तो नव्या पोरांना भाषणं देऊ लागला.

"कुकरचं दुकान काढणार हायसा व्हय?" बायको पूर्णिमा विचारायची. तो नुसता हसायचा.

यंदा मोठ्या गिऱ्हाइकानं पाठ फिरवली. कमी विजेवर चालणारा पंप त्याला दुसरीकडं मिळाला होता. पृथ्वीराजांनी सगळ्यांना गोळा केलं.

"मोकळेपणानं बोला. कंपनी तुमचीच आहे."

सगळे कृष्णातकडं बघत राहिले.

त्या दुपारी कृष्णात कंपनीचा पंप खोलून समोर घेऊन बसला. मनापासून बसला. पण डोक्यात घोषवाक्यांशिवाय काही येईना. शेवटी तो पृथ्वीराज साहेबांच्या केबिनमध्ये गेला.

"साहेब, पंप निळा करूया. दुकानात उठून दिसंल."

साहेबांना कल्पना फार आवडली. पंप निळे झाले. गिऱ्हाईक आलं नाही आणि दिवाळीआधी एक पाळी बंद पडली. कृष्णात राहिला. उरलेल्यांचा उत्साह वाढवायचं काम आता त्याच्याकडं आहे, आणि ते तो अगदी मन लावून करतो.