शेंग धरू द्यायची नाही

स्वीटपीला भरपूर फुलं यायला हवी असतील तर तिची फुलं रोज तोडावी लागतात. एकदा का शेंग धरली की वेलीला वाटतं आपलं काम झालं, आणि ती फुलायची थांबते. एवढी साधी गोष्ट, पण ज्या घरात दर हिवाळ्यात पावटा करतात त्या घरात ती पटवून देणं म्हणजे डोकेफोड. मी ती केली आहे, म्हणून सांगते.

आमचं घर उत्रोलीला. भात निघालं की जमिनीतल्या ओलीवर पावटा, हरभरा टाकायचा, ही इथली रीत. मीही टाकते. पण काही वर्षांपूर्वी बियाण्याच्या दुकानात पावटा आणायला गेले आणि पाकिटावरच्या चित्रावर भाळून स्वीटपी घेऊन आले. बी वाटाण्यासारखं दिसलं, म्हणून वाटाण्यासारखंच मातीत टोचलं. एकही रोप उगवलं नाही. नवरा म्हणाला, "आता ते चित्रच लाव भिंतीला." मी आठ दिवस त्याच्याशी धड बोलले नाही, आणि पुढच्या वर्षी परत तेच पाकीट आणलं.

तोवर चार ठिकाणी विचारून घेतलं होतं. या बियांचं कवच टणक असतं. नेलकटरनं एका बाजूला जरासा टवका उडवायचा, बी रात्रभर पाण्यात ठेवायचं आणि सकाळी फुगलेलं तेवढंच लावायचं. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूनं फुटवे येतात. मी पहिला शेंडा खुडला तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तोंड फिरवलं. "जित्या रोपाचं मुंडकं मोडतीस व्हय," म्हणाल्या. पण वेली चढवायला कारवीच्या काठ्यांचा मांडव त्यांनीच घालून दिला. त्यांच्या हातचा मांडव वाऱ्यानं हलत नाही. मी बांधलेला पहिल्याच आठवड्यात आडवा झाला होता.

संक्रांतीच्या सुमाराला फुलं आली. गुलाबी, जांभळी, पांढरी, पाकळ्या चुण्या घातल्यासारख्या. आणि वास असा की माणूस फूल नाकापासून दूर करायला तयार होत नाही. मी रोज सकाळी दवात लांब दांडे कापायचे, बादलीत पाण्यात ठेवायचे आणि शाळेत, दवाखान्यात, शेजारीपाजारी वाटत सुटायचे. लोक ठेवायला भांडं शोधायचे आणि शेवटी तांब्यात ठेवायचे.

त्या हिवाळ्यात माझी धाकटी बहीण चार दिवस राहायला आली. ती पासलीला, आमच्या माहेरी, आईजवळ राहते. तिचा नवरा गेला त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. तिनं बादलीत तोंड घातलं ते कितीतरी वेळ काढलंच नाही. पण एक फूल काही केसात माळलं नाही. आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईला फूल माळू नको असं कुणी तोंडानं सांगत नाही. तिचं तिलाच कळतं. मला त्या दिवशी या कळण्याचा फार राग आला.

वर्षभरात तिचं दुसरं लग्न ठरलं. गुंजवण्याकडचा माणूस, त्याचीही बायको गेलेली, स्वभावानं शांत. बहिणीचा फोन आला. "आक्का, शालू न्हाई घेतला तरी चालंल. पर माज्या हातात तुजी ती वासाची फुलं पायजेत." आयुष्यात या पोरीनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणाले आणि तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. लग्न माघात होतं, म्हणजे वेली ऐन भरात असणार होत्या. दिवाळी झाल्याबरोबर मी मागच्यापेक्षा दुप्पट बी लावलं.

पहिला बहर उमलायला लागला आणि नेमकं मला लग्नाच्या तयारीसाठी दहा दिवस पासलीला जावं लागलं. निघताना आत्याबाईंना तीनतीनदा सांगितलं, रोज फुलं कापा, शेंग धरू देऊ नका. त्यांनी मान हलवली. पासलीहून मी रोज घरी फोन करायचे. "वेली कशा हायत?"

"लई जोरात. तू तिकडचं बघ."

"फुलं तोडताय न्हवं?"

"अगं, म्या काय आज शेती करतीय का?"

परत आले तेव्हा लग्नाला बारा दिवस उरले होते. पिशवी ओट्यावर टाकून मी थेट परसात गेले. मांडवावर फूल म्हणून नव्हतं. होत्या त्या शेंगा, हिरव्यागार, लोंबत्या. त्यातल्या भरलेल्या शेंगांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या.

माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. "म्या काय सांगितलं व्हतं तुमाला? तिनं एक गोष्ट मागितली माज्याकडं. ती बी तुमी घालवली."

आत्याबाई शेणाचे हात तसेच धरून उभ्या राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "फुलं काय, चार दिसांची. पोरगी नव्या घरी चाललीया. तितं तिच्या हातानं लावायला बियाणं नको व्हय? म्या तिच्यासाठी बी धरलं."

आमच्या घरात पावट्याचं बी असंच धरतात. पहिल्या बहरातल्या चांगल्या शेंगा राखायच्या, आणि कुणी चुकून आमटीला तोडू नयेत म्हणून त्यांना चिंधी बांधायची. मी लग्न होऊन आल्यावर मला हे त्यांनीच शिकवलं होतं. माझा राग होता तिथंच निवला आणि मला स्वतःची लाज वाटली. एवढ्या मायेनं बांधलेल्या चिंध्या, आणि मी त्यांच्यावर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढं ओरडले होते. चुकलं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "आता समद्या शेंगा काढाव्या लागतील. तरच कायतरी येईल."

"समद्या?"

"समद्या."

पहिली चिंधी त्यांनीच सोडली. चिंधी बांधलेल्या शेंगेला हात लावायचा नाही असं ज्यांनी जन्मभर पाळलं, त्यांनी त्या दुपारी माझ्याबरोबर बसून एकूण एक शेंग खुडली. रिकाम्या मांडवाकडे दोघींनाही बघवेना. मी शेणकाला करून मुळाशी ओतला, पाणी दिलं. पुढं रोज सकाळी मी उठून परसात जावं तर आत्याबाई माझ्याआधी तिथं वाकून उभ्या असायच्या. आठव्या दिवशी त्यांनी मला दारातून हाक मारली. शेंड्याला कळ्या होत्या, बारीक, पण होत्या.

लग्नाच्या दिवशी बादलीभर फुलं निघाली नाहीत. मूठभर निघाली. ती आत्याबाईंनी कापली, अर्धी उमललेलीसुद्धा, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून टेम्पोत पासलीपर्यंत मांडीवर धरली.

बहीण आतल्या खोलीत तयार होऊन बसली होती. मी जुडी तिच्या हातात दिली. तिनं डोळे मिटून वास घेतला आणि त्यातला एक दांडा काढून दारात उभ्या असलेल्या आत्याबाईंपुढं धरला. "आत्या, माज्या केसात तुमी माळा."

माझे सासरे जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून अशा वेळी आत्याबाई दाराच्या आत येत नाहीत. "माजा हात कशाला लावून घेतीस," त्या म्हणाल्या. "आक्काला सांग."

"तुमच्याच हातचं पायजे."

त्या आत आल्या. फूल तिच्या केसात नीट बसवलं. मग बहिणीनं जुडीतून दुसरा दांडा काढला आणि त्यांना काही कळायच्या आत त्यांच्या पांढऱ्या अंबाड्यात खोचला. आत्याबाईंचा हात झटकन वर गेला. मला वाटलं, काढून टाकतायत. त्यांनी बोटांनी चाचपून बघितलं आणि दांडा अजून जरा आत सरकवला.