बंगईच्या फळीचा डॅशबोर्ड

रंगभूमीवर मी पुष्कळ रथांत बसलो. पुठ्ठ्याचे, बांबूचे, आतून दोन माणसं ढकलणारे. म्हणून धरणगावात शेजारच्या पितांबरने गॅरेजमागे मोटार घडवायला घेतली, तेव्हा रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसणारा पहिला प्रेक्षक मीच होतो.

पितांबर म्हणजे ट्रॅक्टर-जीप दुरुस्त करणारा, पन्नाशीकडे झुकलेला, मितभाषी माणूस. त्याला जुन्या थाटाची, बिनटपाची, दोघांपुरती गाडी हवी होती. रस्त्यावरही चालावी आणि शर्यतीतही पळावी अशी. भंगारातल्या जीपची चेसिस, एका व्हॅनचं इंजिन आणि हातोडीने ठोकून गोलाई आणलेला पत्रा. लांब बॉनेट आणि पुढे दोन वाटोळे दिवे. पासिंगसाठी केलेल्या चकरांत चपला झिजल्या, पण गाडी उभी राहिली.

एकच गोष्ट अडली. डॅशबोर्ड त्याला लाकडाचा हवा होता, आणि नव्या सागाला ती चकाकी येईना. ती चकाकी त्याच्याच ओसरीत टांगलेली होती. आईची बंगई! आई त्या झोपाळ्यावर बसून धान्य निवडायची. पितांबर आणि थोरली बहीण बेबाबाई तिथेच भांडत, झोके घेत वाढले. बायको शेतात गेली होती त्या दुपारी त्याने फळी उतरवली, दोन्ही टोकं कापली, मधोमध मीटरसाठी तीन भोकं पाडली. बायकोला सांगितलं, कडी झिजली होती, दुरुस्तीला दिली.

डॅशबोर्ड बसला आणि गाडी नटली. माणसाचा चेहरा मात्र उतरला. मी "वा!" म्हटलं की तो मान खाली घालून पाना शोधायचा. एकदा शेवटी बोलला, "नाना, अखाजीले बेबाक्का येई. तिले काय सांगू?"

आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, आणि ती आपली आपण येत नाही. भाऊ मुऱ्हाळी होऊन आणायला जातो. बेबाबाई शिंदखेड्याला दिलेली. आल्यावर पाणीसुद्धा न पिता आधी ती बंगईवर बसायची.

"खरं सांग," मी म्हटलं.

"मायनी फळी कापी टाकी, असं सांगू?"

मी खुर्ची उचलून घरी आलो.

अखाजीच्या आदल्या दिवशी तो त्याच गाडीतून मुऱ्हाळी गेला. वाटेत कबूल करायचं ठरवून गेला होता. दुपारी गल्लीत हॉर्न वाजला. बेबाबाई डोक्याला पदर घट्ट गुंडाळून, धुळीने माखून, राणीसारखी उतरली. गल्लीतल्या बायका हसल्या, तीही हसली. मग ओसरीत आली आणि रिकाम्या कड्यांकडे पाहत उभी राहिली.

"पितू, बंगई कोठे शे?"

"कडी झिजेल व्हती. दुरुस्तीले दियेल शे."

"कोठे दिधी?"

"नरडाण्याले."

"अस्सं? मी तर नरडाण्यापाईन तिलेच धरीसन बठेल शे!"

झालं होतं असं. वाटेत नरडाण्याच्या खड्ड्यांत गाडी उसळली, तिने आधाराला डॅशबोर्ड खालून धरला, आणि बोटांना एक जळका खळगा लागला. लहानपणी तिनेच फळीवर पणती ठेवून तो पाडला होता, आईचा मारही खाल्ला होता. पितांबरने ती बाजू मुद्दाम आत वळवली होती. उरलेली सगळी वाट ती गप्प बसली. भाऊ आपणहून सांगतो का, हेच पाहत होती.

"कापी त्याचं काही नही," ती म्हणाली. "माले इचारतास तर मीच धरी ठेवती तुनाकरता. पन तू माले खोटं बोलना." आणि आत निघून गेली.

पितांबर जेवला नाही. गाडीपाशी जाऊन त्याने फळी सोडवली आणि मीटर साध्या पत्र्यावर बसवले. रविवारी धुळ्याजवळच्या हौशी शर्यतीत त्या पत्र्यानिशीच गाडी पळाली. बरी पळाली म्हणतात. कितवा आलास, हे विचारलं तर तो अजून विषय बदलतो.

फळी पुन्हा साखळ्यांना लागली, पण आखूड, तीन भोकांची. पूर्वी भावंडं शेजारी बसायची, आता एकच माणूस मावतं. बेबाबाई सासरी जाण्याआधी तिच्यावर बसली, जरा सरकली आणि म्हणाली, "ये, बस."

"जागा नही शे, अक्का."

तिने खाली पाहिलं. खरंच नव्हती. पितांबर मागे उभा राहिला आणि हळूहळू झोका देऊ लागला. ती पुरे म्हणाली तरी देतच राहिला.