थर्माकोल धरला त्या दिवशी

आयुष्यात कलेची सेवा मी एकदाच केली. दिवसभर उन्हात उभं राहून, थर्माकोलच्या पांढऱ्या तुकड्यानं नटीच्या तोंडावर उजेड पाडला. त्यासाठी अंगात लग्नातला सफारी होता.

नव्वदीचं दशक. नारायणगावच्या स्टँडवर मुंबईची गाडी थांबली. मालिकेच्या शूटिंगला माणसं हवी होती. मी टुणकन चढलो. मुंबईत युनियननं काम बंद ठेवलंय, म्हणून तर हे इकडं आलेत, एवढं डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं. माझा थोरला भाऊ तिथं लाइटमन, युनियनच्या कमिटीवर, आणि संप म्हणूनच आठ दिवस घरी आलेला.

संध्याकाळी जेवताना मी म्हणालो, "दादा, तुझं काम लई सोपं हाय राव. नुसतं धरून उभं ऱ्हायचं!"

त्यानं हातातली भाकरी ताटात ठेवली. मग हळूच कामावरच्या जोडीदाराचं सांगितलं. सलग तिसरी शिफ्ट. दिव्यांच्या मचाणावर डोळा लागला नि खाली आला, तो उठलाच नाही. बारा तासांनी माणूस बदला, एवढंच युनियन मागत होती.

सकाळी दादा आळे गावच्या माळावर गेला, शूटिंग चाललं होतं तिथं. आपल्याच भागातल्या गड्यांना हात जोडून म्हणाला, "काम थांबवा, बाबांनो."

"आधी घरचा आवरा, भाऊ! कालचा सफारीवाला तुमचाच न्हवं?"

सगळे हसले. शूटिंग चालूच राहिलं.

मुंबईला जाऊन दादानं कमिटी सोडली. पुढं मागणी मान्य झाली, तेव्हा तो कमिटीत नव्हता. मला एका शब्दानं बोलला नाही. मीही माफी मागायची उद्यावर ढकलत राहिलो. असे उद्या किती गेले! मग दादाच गेला.

दहाव्याला युनियनची चार माणसं आली. त्यांनी त्याचं कार्ड फोटोपुढं ठेवलं. मी पुन्हा नुसता धरून उभा, या वेळी चहाचा ट्रे.

पाहुणे पांगल्यावर बायकोला म्हणालो, "माफी राहिली गं."

तिनं माझ्या हातातला ट्रे घेतला. मग म्हणाली, "त्या दिशी माळावरनं आले तवा भावजी मला म्हनले व्हते, 'त्याला काय बोलू नको. काल दिवसभर उन्हात उभा व्हता. पाणी तरी दिलं का त्या शूटिंगवाल्यांनी, इचार.' मी तुमच्यावर रागात व्हते. इचारलंच न्हाई."