भिकाजीने दुसऱ्यांदा ठेवलेला विश्वास

भिकाजीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पडवीत उकिडवा बसून सशाच्या लेंड्या निरखत होता. खाणीवर ट्रक चालवणारा हा सावंतवाडीकडचा आडदांड गडी. गोव्यातल्या मुळगावात आमच्या घराच्या भिंतीला लागून त्याची खोली होती, आणि मी तिथल्या मराठी शाळेत नुकतीच रुजू झाले होते. माझ्या चेहऱ्यावरची किळस पाहून तो शांतपणे म्हणाला, "बाई, ससो दुखणा तोंडान सांगणा नाय."

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. कोकणी की मराठी यावरून चहाच्या दुकानात अजून आवाज चढत. भिकाजी त्यात कधी पडला नाही. कामावरून आला की अंगावरची तांबडी धूळ धुवायची, ओढ्याकाठचं गवत कापून आणायचं आणि पांढऱ्याशुभ्र सशाला, बाळूला, मांडीवर घ्यायचं. दात वाढलेत का, नखं वाकलीत का, हे तो दर रविवारी तपासे. उन्हाळ्यात पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाके. एकदा मी बाळूला कान धरून उचलायला गेले, तर त्याने माझा हात बाजूला केला आणि छातीखाली व मागच्या पायांखाली हात कसे द्यायचे ते दाखवलं.

बहिणीच्या लग्नाला गावी जाताना त्याने बाळूला चार दिवस माझ्याकडे ठेवलं. गवत आणि पाणी, दुसरं काही नाही, असं तीनदा बजावलं. मला मात्र रोज गवत चघळणाऱ्या त्या जिवाची दया आली. दारावर पाव विकायला येणाऱ्या पोदेराकडचा ऊन पाव मी त्याला दिला, केळी दिली. तो आवडीने खाई. तिसऱ्या दिवशी सकाळपासून त्याने कशालाच तोंड लावलं नाही. पिंजऱ्यात एकही लेंडी नव्हती. मालकाची आठवण येत असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

चौथ्या दिवशी दुपारी भिकाजी आला. पिंजऱ्यात डोकावताच त्याच्या हातातली लाडवांची पुडी खाली पडली.

"कधीपासून खाणा नाय?"

"आज सकाळपासून," मी म्हणाले. काय दिलं, असं त्याने विचारलं. गवत, मी सांगितलं.

बाळूला पंच्यात गुंडाळून आम्ही बसने डिचोलीला गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तेच विचारलं आणि भिकाजीने माझंच उत्तर दिलं. आजचंच असेल तर औषध देऊन उद्यापर्यंत पाहू, डॉक्टर म्हणाले. कालपासूनचं असतं तर आत्ताच सलाईन लावलं असतं. मी तिथेच उभी होते. माझं तोंड उघडलं नाही.

पहाटे बाळू गेला.

मग मी सगळं सांगितलं. "दाक्तराम्होरच सांगूक होया होता, बाई," एवढंच भिकाजी बोलला आणि कुदळ आणायला गेला. पोरांना खरं बोलायला शिकवणारी मी, उंबऱ्यावर बसून राहिले.

पुढे काही महिने आमचं बोलणं कामापुरतंच होतं. त्याने नवा, करडा ससा आणला. मी त्या सशाकडे मान वर करून पाहिलं नाही. चतुर्थीला तो गावी निघाला त्या सकाळी माझं दार वाजलं. दारात भिकाजी, हातात पिंजरा.

"माझ्याकडे?" मी विचारलं.

"तुमच्याचकडे. आता तुमच्या हातसून चूक होवची नाय."

पिंजरा माझ्या पायांशी ठेवून तो बसकडे चालू लागला. मी प्रवासासाठी भरलेली पिशवी रिकामी केली. त्या वर्षी चतुर्थीला मी माहेरी गेले नाही.