उशीचा फोन

ऑफिसात तिला सगळे खातरजमा म्हणत. हे नाव वृत्तसंपादकांनी ठेवलेलं. ते विचारायचे, "पूल पडला ना?" ती म्हणायची, "पडला म्हणतात. मी बघून येते." आणि खरंच बघायला जायची. इतर वर्तमानपत्रांत पूल एक दिवस आधी पडायचा. यांच्याकडे दुसऱ्या दिवशी, पण जेवढा पडला होता तेवढाच.

शेजारच्या टेबलावर कवी बसायचा. तो मुद्रितं तपासायचा. साहित्यात एम.ए. होता, एवढ्यावरून त्याचं हे बारसं झालेलं. कविता त्याने जन्मात केली नव्हती.

दोघं एकाच महिन्यात नोकरीला लागली. सुरुवातीला त्याला तिच्या फोनचं फार हसू यायचं. त्यात माणसांची नावंच नव्हती. खुंटी, कुलूप, बादली, चिमटा, उशी. बातमी देणाऱ्या प्रत्येकाचा नंबर तिने घरातल्या एखाद्या वस्तूच्या नावाने ठेवलेला. फोन कधी कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, हे तिचं कारण. तिच्या आईलाही आता त्याची सवय झाली होती. ती थेट ऑफिसात फोन करायची. "अगं, फोन घरी विसरलीस. बादली दोनदा येऊन गेली. उद्या कोर्टात ये म्हणते. आणि चिमटा नुसता खोकला आणि ठेवून दिला."

त्या वर्षी तिने उशीच्या मदतीने एक बातमी केली. सरकारी दवाखान्यात नवजात बाळांच्या वॉर्डातली वीज गेली. जनरेटर चालू होईना, कारण त्यात डिझेलच नव्हतं. डिझेल कागदावर भरलं जात होतं. परिचारिकांनी बाळं छातीशी धरून उबेत ठेवली, म्हणून सगळी वाचली. बातमी गाजली. दवाखान्यात चौकशी बसली. डिझेल कुणी खाल्लं याची नव्हे, तोंड कुणी उघडलं याची. ती चौकशी अजून चालूच होती.

याच बातमीवर खातरजमाने परदेशातल्या एका फेलोशिपसाठी अर्ज केला. विकसनशील देशांतल्या तरुण पत्रकारांना निवडून तिकडच्या मोठ्या वर्तमानपत्रांत काही महिने काम करायला बोलवायचे. तिथे एका बातमीवर महिना महिना काम करू देतात, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. ते सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा, की कवीला वाटे, हिला देश नकोय, तो महिना हवाय. तीस वर्षांच्या आतल्यांनाच घ्यायचे. पुढच्या वर्षी ती बाद. यंदा नाही तर कधीच नाही.

शेवटच्या फेरीत तिचं नाव आलं. वृत्तसंपादकांनी सगळ्यांना चहा पाजला. त्यांच्या बाबतीत ही स्वतंत्र बातमी होती.

मुलाखत फोनवरून, एकमेकांना बघत. ऑफिसात मीटिंगची खोली होती, पण तिच्यात जुन्या अंकांचे गठ्ठे आणि पाय मोडलेल्या खुर्च्याच मीटिंगला बसलेल्या असत. कवीने गठ्ठे बाजूला केले. फोन डब्यावर डबा ठेवून उभा केला आणि स्वतः खिडकीत बसला, कॅमेऱ्यात न दिसेल असा. खातरजमाचं इंग्रजी चांगलं होतं. फक्त घडी न मोडलेल्या कपड्यासारखं वाटायचं.

पलीकडच्या बाई मायाळू होत्या. बातमी त्यांना फार आवडली होती. शेवटी म्हणाल्या, "आमचा एक नियम आहे. तुमच्या बातमीतल्या, प्रत्यक्ष तिथे हजर असलेल्या एका माणसाशी आम्ही बोलतो. नाव समितीबाहेर जाणार नाही. शुक्रवारपर्यंत कळवा."

"तिथे हजर असलेली व्यक्ती नाव न सांगण्याच्या बोलीवर बोलली आहे," खातरजमा म्हणाली.

"म्हणूनच तुम्ही तिला आधी विचारा," बाई म्हणाल्या. त्यांचंही चूक नव्हतं.

फोन बंद झाला. कवी उडी मारून खाली आला. "झालं की मग! विचार आणि कळव."

"नाही विचारणार."

"का?"

ती डबे उचलू लागली.

बातमी ऑफिसभर झाली. वृत्तसंपादक कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं बाई, ती माणसं काय तिकडून आपल्या दवाखान्याच्या साहेबांना फोन लावणार आहेत? कुठे ते, कुठे आपण!"

"नाही लावणार, सर. पण समितीत पाच जण आहेत. पाच जणांना घरं आहेत, मित्र आहेत. नाव एकदा माझ्या तोंडातून सुटलं, की ते कुठे कुठे मुक्कामाला जाईल ते मी बघून येऊ शकत नाही."

"हिच्यापुढे हात टेकले," सर म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. दार मात्र त्यांनी आपटलं नाही.

गुरुवारी दुपारी ती खाली चहा आणायला गेली. फोन टेबलावर चार्जिंगला होता. तो वाजला. उशी. कवीने वाजू दिला. थांबला, पुन्हा वाजला. दवाखान्यात काही झालं असेल तर, असं वाटून त्याने उचलला.

"अगं, कुठे असतेस?" एका बाईंचा दमलेला, हसरा आवाज. मागे बाळं रडत होती. "काय झालं तुझ्या परदेशाचं? आम्ही इथे देव पाण्यात घालून बसलोय. आणि ऐक, माझी कुठे गरज लागली तर बिनधास्त सांग हं. लाजू नकोस."

कवीचं एक वाक्य पुरेसं होतं. ताई, एकदा दोन मिनिटं बोलाल का? बस. ती गेली असती, तिचा तो महिना तिला मिळाला असता. वाक्य पार ओठांवर आलं.

"ती खाली गेलीय," तो म्हणाला. "आल्यावर सांगतो."

खातरजमा दोन ग्लास घेऊन आली. त्याचा चेहरा बघून तिने ग्लास ठेवले. "कोण होतं?"

"उशी."

"तू काय बोललास?"

"काही नाही. आईशप्पथ. त्याच म्हणाल्या, गरज लागली तर सांग."

ती खुर्चीत बसली.

"बघ," ती म्हणाली. "विचारलं असतं, तर हो म्हणाल्या असत्या. म्हणूनच विचारायचं नाही. त्यांची नोकरी कंत्राटी आहे. घर त्यांच्यावर चालतं. माझ्यावर त्यांचा जीव आहे, त्यांना नाही म्हणताच येणार नाही. मग ते विचारणं कसलं?"

कवी पाच वर्षं साहित्य शिकला होता. त्यागावर त्याने पानंच्या पानं लिहिली होती, चांगले मार्क मिळवले होते. चहा घ्यायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

"आणि आता आवाज विसर," ती म्हणाली.

"कुणाचा?"

ती हसली. "शहाणा आहेस."

शुक्रवारी तिने दवाखान्याच्या बातमीऐवजी दुसरी बातमी पाठवली. लिफ्टची. सरकारी कचेरीतली लिफ्ट दोन वर्षं बंद होती आणि आपण जिवंत आहोत हे सांगायला म्हाताऱ्या पेन्शनरांना चौथ्या मजल्यापर्यंत जिने चढावे लागत होते. त्या बातमीत सगळे नावानिशी बोलले होते, फोटोसाठी हसले होते. बातमी खरी होती, चोख होती. लिफ्टएवढी होती.

उत्तर आलं तेव्हा कवी तिच्या मागेच उभा होता. मुलाखतीच्या बाईंनी मनापासून लिहिलं होतं. तुमच्या निर्णयाचा आदर आहे, पण नियम सर्वांना सारखा, आणि लिफ्टच्या बातमीवर तुम्ही मागे पडलात. तिने ते शेवटपर्यंत वाचलं. एक ओळ परत वर जाऊन वाचली. मग चष्मा काढून ओढणीने पुसत राहिली, गरजेपेक्षा बराच वेळ. कवीने तिच्यासमोर पाण्याची बाटली ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. उशी.

तिने घसा साफ केला. "बोला ताई... नाही हो. यंदा नाही जमलं... छे छे, तुमचा काय संबंध? आमची लिफ्ट कमी पडली... काही नाही, गंमत केली. तुम्ही बोला."

ती ऐकू लागली. ऐकता ऐकता तिची पाठ ताठ झाली. हाताने पेन शोधला.

"पुन्हा? कधीपासून?... नाही, तुम्ही वॉर्डातून बाहेर येऊ नका. मी भेटीच्या वेळेत येते, पेशंटला बघायला आल्यासारखी. माझ्याकडे बघूही नका."

तिने फोन ठेवला, पिशवी खांद्याला लावली, पाणी उभ्यानेच प्यायली.

वृत्तसंपादक केबिनच्या दारात आले होते. निकाल त्यांना कळला असावा. त्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण सवय नव्हती.

"कुठे निघालीस?" ते एवढंच म्हणाले.

"दवाखान्यात काहीतरी झालंय म्हणतात, सर. बघून येते."

"ये," ते म्हणाले. "पाहिजे तेवढा वेळ घे. पानावर जागा राखून ठेवतो."