डावीकडची खिडकी

गावोगावी पाव पोचवणाऱ्या काकांनी गाडी चालवताना समोरचा रस्ता सोडून कधी काही पाहिलं नाही. शेजारी बसलेली काकूच ओरडायची, "अहो, मुंगूस! पिल्लंही आहेत!" काका खेकसायचे, "तू बघ आणि मला सांग. गाडी खड्ड्यात घालू का?" मग ती शेपटीपासून चालीपर्यंत सगळं तिखटमीठ लावून सांगायची.

काकू वारली, आणि काकांना त्या रस्त्यावर एकही जनावर दिसेना. "सगळी तिच्यामागोमाग गेली," ते बेकरीत म्हणायचे.

आज पुलाजवळ मुंगूस थेट गाडीसमोरच आलं, मागे पिल्लं. काकांनी करकचून ब्रेक दाबला. शेवटचं पिल्लू गवतात शिरेपर्यंत ते बघत राहिले. मग रिकाम्या सीटकडे वळून खेकसले, "अगं, सांगायचं नाही का?"